नुसते 'जपून जा' पुरत नाही



फेब्रुवारीत आपल्या वर्गातील चार कुटुंबे डॉनर समिटला बर्फात जाऊन आली, हे एव्हाना सर्वांना कळलेच आहे. तिथे काय झाले तेही कळले आहे, आणि दर रविवारी वर्गाबाहेर चहा पिताना त्यात थोडी थोडी भर पडते आहे. परवा एका काकूंनी आम्हाला विचारले, "हेलिकॉप्टर आलं होतं म्हणे?" हेलिकॉप्टर आले नव्हते. पण आता अशी सूचना पुढे आली आहे की वर्गातर्फे स्कीची सहल पुन्हा काढू नये. सूचना काळजीपोटी आलेली आहे हे आम्ही जाणतो. तरीही ती आम्हाला मान्य नाही. त्या दिवशी ज्यांची मुले डोंगरावर होती त्याच आम्ही चार घरांतल्या आईबापांनी मिळून हे लिहिले आहे, तेव्हा चूक कोणाची होती हे सांगायला आम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही. चूक आमची होती. मात्र ती बर्फात जाण्याची नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटून आम्ही सॅन होजेहून निघालो. गाड्यांत नेहमीप्रमाणे चार दिवस पुरेल एवढा फराळ. ऑबर्नपर्यंत पाऊस होता, पुढे चढ लागला तसा त्याचा बर्फ झाला आणि कोलफॅक्सच्या पुढे 'चेन कंट्रोल' लागला. चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी पुढे सोडत नाहीत, आणि बांधल्यावर ताशी तीस मैलांच्या वर जाता येत नाही. साखळ्या आमच्या सर्वांकडे होत्या. त्या एकदाही खोक्यातून बाहेर काढून पाहिल्या नव्हत्या, एवढेच. अंधारात, हातमोजे काढून, बॅटरीच्या उजेडात दोन गाड्यांच्या साखळ्या आम्ही उलट्या बसवल्या. शेवटी रस्त्याकडेला उभ्या असणाऱ्या साखळीवाल्या माणसाला पैसे देऊन त्या सरळ करून घेतल्या. त्याने पाच मिनिटांत काम केले आणि आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर आम्हाला दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसायची होती.

मुलांनी गाडीत डॉनर मंडळींची गोष्ट सांगितली. १८४६ च्या हिवाळ्यात पश्चिमेकडे निघालेल्या ८७ जणांना याच खिंडीत बर्फाने अडवले, आणि वसंतापर्यंत त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. आम्ही मुलांना सांगितले की याच डोंगरात चिनी मजुरांनी ग्रॅनाइट फोडून आगगाडीचा बोगदा काढला आणि १८६८ मध्ये इथून गाड्या जाऊ लागल्या, आणि त्याच दशकात, १८६३ मध्ये, आपल्या बोरघाटातून आगगाडी वर चढली. दोन्हीकडे किती माणसे कामी आली याचा नीट हिशेब कोणी ठेवला नाही. मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बोरघाटात बर्फ पडतो का?" नाही बाळा, पाऊस पडतो. पण तोही असा पडतो की गाड्या थांबतात.

शनिवारी सकाळी ट्रकीत दार उघडले तर पायऱ्या नव्हत्या. रात्रीत दोन फूट बर्फ पडला होता. गाड्यांच्या जागी चार पांढरे उंचवटे. आवाज कसलाच नाही. ताज्या बर्फात आवाज मुरतो हे वाचले होते, पण ती शांतता पहिल्यांदाच ऐकली. मुलांनी ओंजळीत घेऊन फुंकर मारली तर तांदळाच्या पिठीसारखा उडाला. छपराच्या कडेला बर्फाच्या लांब सुया लोंबत होत्या. आमच्यातली सर्वात धाकटी म्हणाली, "आई, पागोळ्या गोठल्या!" पागोळ्या हा शब्द तिने दिवाळीनंतरच्या धड्यात शिकला होता. छपरावरून गळणारे पावसाचे पाणी तिने कधी फारसे पाहिलेले नाही. शब्द मात्र बरोबर जागी बसवला. त्या एका वाक्याने आमचा साखळ्यांचा सारा शीण उतरला.

हा भाग बर्फासाठी प्रसिद्धच आहे. इथे सोडा स्प्रिंग्जला बर्कली विद्यापीठाची बर्फ मोजणारी प्रयोगशाळा आहे, १९४६ पासूनची. २०२२-२३ च्या हिवाळ्यात तिथे ७५४ इंच बर्फ मोजला गेला, म्हणजे जवळपास ६३ फूट. सहा मजली इमारत उभी करून तिच्या गच्चीपर्यंत बर्फ, असे डोळ्यांपुढे आणा. समुद्र जवळ असल्यामुळे इथला बर्फ बहुधा ओला नि जड असतो; इकडचे लोक त्याला गमतीने 'सिएरा सिमेंट' म्हणतात. आम्हाला मिळाला तो थंडीत पडलेला, हलका, म्हणून तर सगळा डोंगर खूष होता. सकाळी लांबून धडाम् धडाम् असे बार ऐकू येत होते. आम्हाला वाटले कुठे रस्त्याचे काम चालले असेल. ते स्की पट्रोलचे, म्हणजे डोंगरावरच्या गस्तीपथकाचे, सुरुंग होते: उतारावर साठलेला नवा बर्फ माणसांवर कोसळू नये म्हणून तो आधीच पाडतात. हे आम्हाला दुपारी कळले. त्या दिवशी आम्हाला बऱ्याच गोष्टी दुपारी कळल्या.

नऊ वाजता लहान मुलांना शिकवणीच्या गटात सोडले. बारा वर्षांचा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी, दोघे वेगवेगळ्या घरचे, शाळेच्या मित्रांबरोबर तीन हिवाळे स्की केलेले. त्यांना तिकिटे काढून दिली, "एक वाजता जेवायला या, जपून जा" असे सांगितले आणि आम्ही सातही जण लॉजमध्ये, काचेच्या मोठ्या खिडकीपाशी टेबल धरून बसलो. (आठवे आई व्हायचे ते फ्लूने घरीच होते.) थर्मासमध्ये चहा, डब्यात गार बटाटेवडे, पत्त्यांचा कॅट. साताऱ्याहून आलेल्या आजीही होत्या. खरे सांगतो, फार मजेत सकाळ गेली. खिडकीतून डोंगर चित्रासारखा दिसत होता.

एक वाजून गेला. दीड झाला. फोन लागत नव्हते. पावणेदोनला आम्ही गस्तीपथकाच्या खोलीत गेलो. तिथल्या बाईंनी शांतपणे विचारले, "कोणत्या लिफ्टने वर गेले? नेहमी कोणत्या वाटा घेतात?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. त्यांनी नकाशा पुढे केला. हिरवे गोल, निळे चौकोन, काळ्या चौकटी, शंभर नावे. आम्हाला तो नकाशा वाचता येत नव्हता. सातजणांत मिळून पाच इंजिनियर आणि एक डॉक्टर, आणि आपली मुले डोंगराच्या कोणत्या अंगाला आहेत हे बोटाने दाखवता येईना. "निळं जाकीट आहे," एवढेच एक बाबा म्हणत राहिले. खिडकीबाहेर तेव्हा निदान चाळीस निळी जाकिटे दिसत होती.

सव्वादोनला दोघे आले, पथकातल्या एका माणसाबरोबर. झाले होते ते असे. वाटेच्या कडेला दोरी बांधलेली होती आणि दोरीपलीकडे झाडांतून कोणीही न तुडवलेला बर्फ होता. मुलगा दोरीखालून आत गेला, मुलगी त्याच्या मागे. तीसेक फुटांवर एका मोठ्या सूचिपर्णी झाडापाशी तो तोल जाऊन डोके खाली, पाय वर असा बुंध्याच्या खळग्यात पडला. याला तिकडे 'ट्री वेल' म्हणतात, झाडाची विहीर. खालच्या फांद्या पसरलेल्या असतात म्हणून बुंध्याभोवती बर्फ नीट साठत नाही. वरून जमीन सपाट दिसते, आत पोकळी असते. माणूस उलटा पडला की भोवतालचा भुसभुशीत बर्फ अंगावर येतो, आणि धडपड करावी तसा आणखी आत जातो. एकट्याला स्वतःहून बाहेर पडणे फार कठीण. श्वास कोंडून माणसे दगावतात. मुलगी मागे होती म्हणून तिने पाहिले, हातांनी उकरून त्याचे तोंड मोकळे केले, ओरडून माणसे बोलावली. ती पुढे असती तर? हे वाक्य आम्ही त्या रात्री अनेकदा म्हटले आणि दर वेळी मध्येच सोडले.

दोघांची तिकिटे दिवसापुरती काढून घेतली गेली, आणि ते योग्यच झाले. गस्तीवाल्याने आम्हाला सारे समजावून सांगितले. आम्ही माना डोलावल्या. तो बोलत असताना आम्हाला साखळीवाल्याची नजर आठवली.

मग जे प्रत्येक घरात होते तेच झाले. आधी मिठ्या, मग बोलणी. "पुन्हा स्कीचं नाव काढायचं नाही" असे दोन बाबा एकाच वेळी म्हणाले. त्यावर तो मुलगा रडत रडत जे बोलला ते आम्ही त्याच्या परवानगीने इथे देत आहोत. तो म्हणाला, "दोरी कशाला असते ते तुम्हाला तरी माहीत होतं का? तुम्ही फक्त 'जपून जा' म्हणालात. जपून म्हणजे नक्की काय करायचं?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. 'जपून जा' हे आपण मराठी आईबाप श्वास घेतल्यासारखे म्हणतो. आपल्या आईने आपल्याला म्हटले तेव्हा मात्र त्या शब्दांना अर्थ होता, कारण तिला तो रस्ता माहीत होता. कुठल्या वळणावर एस.टी. जोरात येते, ओढ्याला कधी पाणी चढते, कोणाचा कुत्रा चावतो. आम्ही ज्या डोंगराबद्दल 'जपून' म्हणालो त्याची आम्हाला एक वाट ठाऊक नव्हती.

रात्री आजींना सारे सांगताना कोणीतरी म्हणाले, "आई, इथे झाडाखाली विहीर असते." आजींनी तो शब्द धरला. त्या म्हणाल्या, "विहिरीत तर आम्हीही पोहायला शिकलो. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचे आणि काका वरून ढकलून द्यायचे. पण ढकलायच्या आधी दुसरा काका पाण्यात उतरलेला असायचा. काठावर बसून भजी खात कोणी पोरं विहिरीत सोडली नाहीत." 'भजी' हा शब्द त्यांनी वड्यांकडे बघून उच्चारला होता.

म्हणून रविवारी आमच्यापैकी पाच जणांनी नवशिक्यांची शिकवणी घेतली. त्याचे वर्णन करून आम्ही आपले हसे करून घेणार नाही. मुलांनी ते काम केलेले आहे. ते बूट घालून चालणे म्हणजे दोन्ही पाय उखळात घालून जिना चढण्यासारखे आहे. एक आई सरकत्या पट्ट्यावरूनच पडली. एक बाबा थांबता न आल्याने जाळीत जाऊन अडकले. शिकवणाऱ्या मुलीने दोन तासांत आम्हाला चार गोष्टी शिकवल्या: थांबायचे कसे, पडल्यावर उठायचे कसे, पुढच्या माणसाला वाट आधी, आणि दोरी म्हणजे भिंत. चौथी गोष्ट आदल्या दिवशी कळली असती तर!

आणि दुपारी, हिरव्या गोलाच्या सोप्या उतारावर, मुले आमच्याबरोबर आली. "बाबा, स्की उताराला आडव्या कर, मग ऊठ!" "आई, खाली नको बघू, जायचंय तिकडे बघ!" वर्गात एका वाक्यासाठी दहा मिनिटे मिनतवारी करावी लागते, इथे सूचनांचा पाऊस पडत होता आणि तोही मराठीत, कारण शेजारून जाणाऱ्या अमेरिकन मंडळींना आपला बाप धडपडतो आहे हे कळू नये अशी मुलांची इच्छा होती. काळ्या चौकटीला त्यांनी 'काळी शंकरपाळी' नाव ठेवले. लिफ्टच्या पाळण्यात सातआठ मिनिटे मुलगा शेजारी बसलेला असतो, त्याला कुठे उठून जाता येत नाही आणि तुम्हालाही. आदल्या दिवशी दोरीखालून का गेला, मित्र भित्रा म्हणतात ते कसे लागते, हे त्या मुलाने आईला तिथे सांगितले. घरी त्याने ते सांगितले नसते. आणि खिडकीतून चित्रासारखा दिसणाऱ्या डोंगरावर दोरी कुठे आहे, झाडे कुठे दाट होतात, कोणती वाट लॉजला येते, हे त्या पाळण्यातून आम्हाला पहिल्यांदा दिसले.

आता हरकतींबद्दल. पहिली, खर्चाची. ती खरी आहे. मोठ्या ठिकाणी ऐनवेळी खिडकीवर एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या वर जाते. भाड्याचे बूट, शिकवणी वेगळीच. चारजणांच्या घराला हे झेपेलच असे नाही, आणि न झेपणाऱ्याला वर्गात कमीपणा वाटता कामा नये. आमचे म्हणणे असे की सहल सर्वांची असावी, स्की ज्याची त्याची. राज्याचे स्नो-पार्क आहेत. गाडीचा परवाना घेतला की मुले दिवसभर घसरगाडीवर खेळू शकतात. नवशिक्यांच्या लिफ्टपुरते स्वस्त तिकीटही बऱ्याच ठिकाणी मिळते, आणि आमच्यासारख्यांना त्याहून जास्त काही लागतही नाही.

दुसरी हरकत, "हे त्यांचे खेळ, आपले नव्हेत." हे आम्हीही म्हणत होतो. पण या डोंगरांत स्की नेणाऱ्यांतला सर्वात प्रसिद्ध माणूस इथला नव्हताच. जॉन थॉम्पसन दहा वर्षांचा असताना नॉर्वेहून अमेरिकेत आला. पुढे, १८५६ मध्ये, सिएरा पार करून टपाल नेणारा कोणी मिळेना तेव्हा लहानपणी गावाकडे पाहिलेल्या स्की आठवून त्याने स्वतः लाकडाच्या दहा फुटी स्की केल्या, आणि पाठीवर थैली घेऊन प्लेसरव्हिल ते कार्सन खोरे असे सुमारे नव्वद मैल बर्फातून तो वीसेक वर्षे टपाल नेत राहिला. लोक त्याला 'स्नोशू' थॉम्पसन म्हणत. त्याचे पैसे त्याला कधी नीट मिळाले नाहीत, ही गोष्ट वेगळी. परदेशातून आलेल्या पोराने घरून आणलेली ही विद्या आहे; तेव्हा ती आपल्या पोरांना परकी कशी म्हणावी? शिवाय गुलमर्ग आणि औलीलाही लोक स्की करतातच.

तिसरी हरकत वर्गातल्या एका आईची आहे, आणि तिला आमच्याकडे पुरते उत्तर नाही. ती म्हणते, कितीही शिकलात तरी धोका उरतोच. उरतो. १० जानेवारी २०२४ ला ताहोच्याच परिसरातील एका मोठ्या स्की-स्थळी, आखलेल्या हद्दीच्या आत, हिमकडा कोसळून एकाचा जीव गेला. दोरीच्या आत राहणाऱ्यावरही ही वेळ येते. ज्या आईला हे नको आहे तिच्या मुलाला कोणी आग्रह करू नये. फक्त आमचे म्हणणे एवढेच की आपण बंदी घातल्याने मुले बर्फात जायची थांबणार नाहीत. ती शाळेच्या मित्रांबरोबर जातील, सोळाव्या वर्षी स्वतः गाडी चालवत जातील, आणि दोरीपाशी उभी राहतील तेव्हा आपण तिथे नसू. त्यांच्या कानात काय असेल? नुसते 'जपून'?

तेव्हा आमची सूचना अशी. वर्गाने हिवाळ्यातला एक रविवार बर्फासाठी मोकळा ठेवावा. आदल्या रविवारी अर्धा तास डोंगराचा नकाशा फळ्यावर लावून मोठ्या मुलांनी तो पालकांना समजावून सांगावा, मराठीत. ज्या घरचे मूल लिफ्टने वर जाणार त्या घरच्या एकाने तरी नवशिक्यांची शिकवणी घेतलेली असावी. गुडघे दुखतात त्यांनी निदान नकाशा शिकावा. आणि मुलांनो, तुमच्याकडूनही हवे आहे: झाडांजवळ जोडीदार नजरेआड करायचा नाही, शिट्टी गळ्यात, हेल्मेट डोक्यात, आणि कोणत्या लिफ्टने जाता ते सांगून जायचे. आम्हाला त्या नावाचा अर्थ आता कळतो.

पुढच्या सहलीचा कागद वर्गाच्या दारावर लावला आहे. नाव घालताना साखळ्या आहेत की नाहीत तेही लिहावे. त्या घरी गॅरेजमध्ये एकदा चढवून पाहिल्या असल्याची खूण शेजारच्या रकान्यात करायची आहे. पहिले नाव आजींचे आहे. त्यांनी 'घसरगाडी' असे लिहून त्याखाली दोनदा रेघ ओढली आहे.

— मधल्या वर्गातील चार घरांचे पालक